काजूवरचा लाल की कुंपणावरचा हिरवा?

कोपऱ्यावरचा_फणस | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर गावी आलोय, कुडाळच्या अलीकडे. काल काजूत फिरताना एका झाडाच्या कोवळ्या पालवीवर आठ-दहा किडे दिसले. लालभडक, अडीच-तीन सेंटीमीटर लांब, पाठीवर दोन काळे ठिपके. डोकं खाली करून बसलेला बघितला तर चक्क माणसाचं तोंड! डोळे, नाक, वर तेल लावून मागे फिरवलेले काळे केस. माझी मुलगी म्हणाली, "हे तर आजोबांच्या लग्नातल्या फोटोसारखं दिसतंय." आजोबांना ते आवडलेलं नाही.

परत येताना कुंपणाच्या मोगली एरंडावर दुसरा प्रकार. फळांच्या घोसावर दाटीवाटीने बसलेले. आकाराने लालच्या निम्मे, हिरवे, वर काळे ठिपके. पण हिरवा असा की आपण मान जरा वाकडी केली तर निळा होतो.

आता प्रश्न. हे दोघे एकमेकांचे कोणी लागतात का? दोघेही रस शोषणारे म्हणे, मग जास्त नुकसान कोण करतं? आणि घरात वाद चाललाय तो असा की जास्त देखणा कोण. मी हिरव्याच्या बाजूने, मुलगी लालच्या.

शेवटचा मुद्दा जरा घाईचा. काजूचे काही शेंडे करपलेत, आणि बाबा फवारणीचा पंप काढून बसलेत.

चिंचोका | ९:५२

फोटो दिसत नाहीत.

कोपऱ्यावरचा_फणस | १०:०५

परत टाकले. आता?

चिंचोका | १०:०९

दिसले. आजोबांचा लग्नातला फोटोही टाका, तुलनेसाठी. (हलके घ्या.)

वेंगुर्लेकर_मामी | १०:३०

अरे मेल्या, त्या लाल किड्याक हात लावू नको. वास सात दिवस जाऊचो नाय.

लग्न होऊन नवीन नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. दारात पिटकुळीचं झाड होतं (तुम्ही शहरवाले एक्झोरा म्हणता), त्यावर साडी वाळत टाकली. संध्याकाळी घडी घातली, कपाटात ठेवली. सकाळी कपाट उघडलं तर सासूबाई विचारतात, "गो, कपाटात काय मेलां?" घडीत एक लाल महाशय चिरडले होते. साडी तीनदा धुतली. सासूबाईंनी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली.

देखणेपणाचं म्हणशील तर लालच. हिरवा बांगडीच्या काचेसारखा दिसतो, चेहरा नाही त्याला.

शिरीषाची_पानं | ११:१५

हिरवा म्हणजे सोनकिडा हो! आमचं सगळं बालपण त्याच्यात गेलं. आगपेटीत ठेवायचा, बाभळीचा किंवा शिरीषाचा पाला घालायचा, मग तो अंडी द्यायचा. शाळेत ज्याच्याकडे सोनकिडा त्याचा वर्गात दरारा. एका सोनकिड्याला दोन पेन्सिली आणि एक खोडरबर असा भाव होता. आमचे गुरुजी आगपेट्या जप्त करायचे आणि मधल्या सुट्टीत स्वतःच उघडून बघत बसायचे.

त्यामुळे माझं मत डोळे मिटून हिरव्याला.

अर्धपंखी | १२:४०

@शिरीषाची_पानं, तुमच्या आठवणींवर पाणी ओतायला जिवावर येतंय, पण हा सोनकिडा नव्हे. सोनकिडा भुंगेरा आहे. तो पाला कुरतडून खातो, म्हणून तर तुम्ही त्याला पाला घालत होतात. फोटोतल्या हिरव्याच्या आगपेटीत शिरीषाचा अख्खा वृक्ष घातला असतात तरी तो उपाशीच राहिला असता, कारण याला चावायला दातच नाहीत.

ओळखायची सोपी खूण सांगतो. भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध एक सरळ रेघ असते, दोन कडक पंख जिथे एकमेकांना भिडतात तिथे. फोटोतल्या हिरव्याच्या पाठीवर ती रेघ शोधा. सापडणार नाही. एका तुकड्यातली पाठ आहे ती, उलटी घातलेली वाटी जशी.

आता मूळ प्रश्न. दोघे नातेवाईक आहेत, चुलत घराण्यातले म्हणा. लाल म्हणजे कॅटाकँथस इन्कार्नाटस, पेन्टाटोमिडे कुळातला. हिरवा क्रायसोकोरिस वंशातला, स्क्युटेलरिडे कुळातला. इंग्रजीत पहिल्याला मॅन-फेस्ड स्टिंक बग म्हणतात, दुसऱ्याला ज्वेल बग. दोघांचा गण हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी (माझा आयडी उगाच नाही). पुढच्या पंखाचा मुळाकडचा भाग चामड्यासारखा जाड आणि टोकाकडचा पापुद्र्यासारखा पातळ, म्हणून अर्धा पंख.

आता गंमत बघा. लालचं ते तोंड तीन वेगवेगळ्या अवयवांचं मिळून झालंय. डोळे म्हणजे उजव्या-डाव्या पंखांवरचा एकेक काळा ठिपका. केस म्हणजे पंखांची ती पातळ टोकं, ती याच्यात काळी असतात. आणि नाक म्हणजे पाठीच्या मधोमध असलेला त्रिकोण, त्याला स्क्युटेलम म्हणतात. छातीचाच एक तुकडा मागे वाढलेला असतो तो. हिरव्यात हाच त्रिकोण वाढत वाढत पार शेवटापर्यंत गेलाय आणि दोन्ही पंख त्याने झाकून टाकलेत. म्हणजे लालचं जे नाक आहे, ती हिरव्याची अख्खी पाठ!

तेव्हा फणसराव, घरच्या वादात दोन्ही बाजू एकाच अवयवाचं कौतुक करतायत.

चिंचोका | १२:४८

नाक पाठीवर घेऊन फिरतो आणि वर वासही मारतो. दंडवत.

घाटमाथा | १:२०

म्हणजे शेवटी ढेकूणच ना दोघं? पुण्यात शिकायला होतो तेव्हा खोलीत जे होते ते याच खानदानातले?

अर्धपंखी | १:३१

गण तोच, घराणं लांबचं. सोंड तीच, फक्त तुमच्या खोलीतल्यांनी झाडाऐवजी तुम्हाला पसंती दिली.

घाटमाथा | १:३५

रंगीत असते तर निदान मारताना वाईट वाटलं असतं.

मोगरा_आणि_मावा | २:१०

प्रश्न: लाल किडा उडताना कसा दिसतो? डोळे पंखांवर असतील तर पंख उघडल्यावर तोंडाचं काय होतं?

अर्धपंखी | २:२५

तोंड फुटतं. एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे, केस दोन बाजूंना आणि नाक जागच्या जागी.

आणि यावरूनच पुढचं. पिल्लांना पूर्ण पंख नसतात, त्यामुळे पिल्लांना हे तोंडही नसतं. अंड्यातून बाहेर पडल्यावर पाच वेळा कात टाकतात, पाचवी कात टाकली की पंख आले आणि तोंड आलं. मध्ये कोष वगैरे नाही. फुलपाखरासारखी भानगड या घराण्यात नाही.

हिरवा उडताना पाठ उघडत नाही. ती उघडणारी नाहीच, पक्की आहे. पंख तिच्या खालून दोन्ही बाजूंनी बाहेर सरकतात. भुंगेरा उडताना आधी पाठीची दारं उघडतो, तसं इथे नाही. हीसुद्धा ओळखीची खूण.

शिरीषाची_पानं | २:५०

मान्य. रेघ आठवतेय, आमच्या सोनकिड्याच्या पाठीवर होती.

पण मग एक सांगा. लहानपणी एकदा बिनरेघेचा, ठिपक्यांचा हिरवा सापडला होता आणि तोही आगपेटीत ठेवला होता. चार दिवसांनी मेला आणि पार काळपट झाला. सोनकिडा मेल्यावरही तसाच चमकायचा, आजीच्या डब्यात त्याचे पंख कित्येक वर्षं होते. मला वाटायचं माझ्याच आगपेटीत काहीतरी दोष आहे.

अर्धपंखी | ३:३०

आगपेटी निर्दोष.

लालचा रंग हा रंगद्रव्याचा आहे, भिंतीला गेरू लावावा तसा. कुठूनही बघा, लाल तो लालच. याच जातीत केशरी, पिवळे, अगदी सायीच्या रंगाचेही सापडतात, तोंड मात्र सगळ्यांना असतं. हिरव्याची चमक वेगळी. त्याच्या कातडीचे अतिसूक्ष्म थर आणि उंचवटे प्रकाश परतवतात, त्यातून तो रंग तयार होतो. म्हणून फणसरावांनी मान वाकडी केली की निळा. किडा मेला, कातडी वाळली, की त्या थरांची ठेवण बिघडते आणि खालचं रंगद्रव्यही खराब होतं. मग चमक जाते. सोनकिड्याच्या पंखांची चमकही थरांचीच, पण ते पंख इतके कडक की वाळून फारसं काही बिघडत नाही. एकोणिसाव्या शतकात मलमलीवर भरतकाम करताना ते पंख टाचायचे आणि ते कापड इथून परदेशी जायचं.

हिरवा बघायचा तर जिवंतच बघावा लागतो.

वऱ्हाडी_बोंड | ४:१५

तुमचं कोकणातलं कौतुक चालू द्या. आमच्याकडे कपाशीवर लाल ढेकूण असतात, आणि ते कोणी फोटो काढायला ठेवत नाही. लाल अंग, पंखांवर एकेक काळा ठिपका, पोटाखाली पांढरे पट्टे. बोंड उकललं की आत शिरून सरकीचा रस शोषतात आणि रुईला डाग पडतो. डागी कापूस घेऊन गेलं की व्यापारी भाव पाडतोच पाडतो.

लहानपणी आम्ही त्यांना आगगाडी म्हणायचो. नर-मादी पाठीला पाठ चिकटवून चालतात, एक पुढे ओढतो आणि दुसरा बिचारा उलटा चालतो. शाळेच्या अंगणात सावरीच्या झाडाखाली अशा गाड्याच गाड्या. कोणता डबा इंजिन आहे यावर पैजा लागायच्या.

मामींच्या लाल्याचा हा कोण?

अर्धपंखी | ४:४०

डिस्डर्कस. गण तोच, पण कुळ तिसरंच. लाल-काळा मात्र दोघांनी धरलाय, कारण पक्ष्यांना ती पाटी वाचता येते: खाऊ नका, बेचव आहे. माणसाच्या तोंडाशी लाल्याचा काही संबंध नाही. पक्ष्याला त्यात तोंड दिसत नसेल, आपल्याला दिसतं. आपल्याला ढगात गणपती दिसतो, तसंच हे.

टोकियोतली_वैनी | ५:०५

इथे जपानमध्येही हा लाल किडा प्रसिद्ध आहे! अगदी दक्षिणेकडच्या, ओकिनावाच्या बाजूच्या बेटांवर सापडतो. नाव 'जिन्मेन कामेमुशी'. जिन्मेन म्हणजे माणसाचं तोंड, कामे म्हणजे कासव, मुशी म्हणजे किडा. सगळ्याच ढालीसारख्या ढेकणांना इथे कासवकिडे म्हणतात. मुलाच्या किड्यांच्या पुस्तकात त्याचं चित्र मुद्दाम उलटं छापलंय, म्हणजे तोंड सरळ दिसावं. मुलगा म्हणतो हा सुमोवाला आहे, केस बांधलेला.

घाटमाथा | ५:१२

कासवकिडा! बघा, किती छान नाव. आणि आपल्याकडे एकच शब्द: ढेकूण. गादीतला ढेकूण, काजूवरचा ढेकूण, पिठ्या ढेकूण, हिरवा ढेकूण. मराठीला रंगीत किड्यांबद्दल इतका आकस का?

वेंगुर्लेकर_मामी | ५:२०

वास घेऊन बघ, आकस समजतलो.

आंबट_शौकीन | ५:४५

नाव मी देतो. लाल = मुखवट्या. हिरवा = रत्नढेकूण.

घाटमाथा | ५:४९

रत्नढेकूण हे एखाद्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला द्यायच्या पदवीसारखं वाटतं. मुखवट्या चालेल.

सह्यवारा | ७:३०

आंबोलीला आमच्या घरामागे चांदाड्याचं झाड आहे. त्याच्या पानाखाली हिरव्याच्या कुळातला आणखी एक असतो: केशरी, अंगावर पिवळट वर्तुळं आणि वर्तुळात काळा ठिपका. कँटाओ ओसेलाटस. मागे पावसाळ्यात एक मादी पानाखाली अंड्यांवर बसलेली दिसली. कोंबडी बसते तशी, अंगाखाली सगळी अंडी घेऊन. मी पान हळूच उलटं केलं, तर उडून जायचं सोडून तिने माझ्या बोटाच्या बाजूला अंग तिरकं केलं, ढाल धरल्यासारखं. पान सोडून दिलं. नंतर रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायचो. पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस ती तिथेच, खाली सगळी चिल्लीपिल्ली गोळा होऊन.

लाल की हिरवा हा वाद चालू द्या. माझं मत चांदाड्यावरच्या बाईंना.

मोगरा_आणि_मावा | ७:४१

सह्यवारा, किती सुंदर. फोटो?

सह्यवारा | ७:५०

एका हातात कप होता, दुसऱ्या हातात पान.

जुना_शिलेदार | ८:१५

धाग्याच्या शीर्षकात नाही, पण 'रंगीत' या शब्दावर माझा आक्षेप आहे. दिसायला रंगीत म्हणायचंय की रंग देणारे? रस शोषणाऱ्यांत खरे रंगीत म्हणजे हे दोन नावाजलेले. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर बसणारी आपली लाख, आणि निवडुंगावरचा अमेरिकेतला कोचिनील. दोघेही बघायला गेलात तर फांदीवर कुणीतरी थुंकून गेलंय असं वाटेल. पण लाखेतून लाल रंगही निघतो आणि बांगड्यांची लाखही. कोचिनीलच्या किरमिजी रंगासाठी युरोपने स्पेनला शतकानुशतकं पैसे मोजले.

ईस्ट इंडिया कंपनीलाही हा धंदा इथे करायचा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून कोचिनील म्हणून किडे आणले. ते निघाले भलत्याच, हलक्या जातीचे. रंग काही मिळाला नाही, पण निवडुंगाची एक जात त्यांनी फस्त करत आणली. रंगाचा कारखाना काढायला गेले आणि तणनियंत्रण करून बसले.

चिंचोका | ८:२२

सरकारी योजनांची परंपरा जुनीच आहे तर.

जहाजी_काका | ९:१०

शिलेदारांनी अमेरिका काढलीच आहे म्हणून. फणसराव, तुमचे दोन्ही किडे इथले, आणि दोन्ही झाडं परदेशातली! काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. मोगली एरंडही उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचाच. मधल्या काळात तर त्याला डिझेलचं झाड म्हणून डोक्यावर घेतलं होतं. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीच्या अहवालानंतर माळावर, बांधावर, रेल्वेच्या कडेला जिथे तिथे लावलं. आमच्या गावातही एकाने चार एकर लावलं होतं. तेल काही निघालं नाही, पण हे चमकणारे पाहुणे मात्र झुंडीने यायचे. शहरातून आलेले लोक विचारायचे, "काका, हे मोती कसले?"

अर्धपंखी | ९:२५

चांगला मुद्दा, काका. पण लालचं मामींच्या पिटकुळीवरचं बस्तान बघा. ते झाड दक्षिण भारत आणि श्रीलंकेचं. काजू यायच्या आधी याचं पोट कशावर चालत होतं त्याचा एक धागा तिथे आहे.

कोथिंबीर_नकोच | १०:०५

अवांतर. या किड्यांचा वास कोथिंबिरीसारखा असतो असं फक्त मलाच वाटतं का? बायको म्हणते मी नाटकं करतो.

अर्धपंखी | १०:२०

नाटकं नाहीत. कोथिंबिरीच्या वासात जी अल्डिहाइडं आहेत, त्याच जातीची रसायनं या ढेकणांच्या गंधग्रंथीत असतात. मोठ्यांमध्ये ग्रंथीचं तोंड छातीच्या खालच्या बाजूला, पायांजवळ. पिल्लांमध्ये पाठीवर. कोथिंबिरीचं इंग्रजी नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचं मूळ 'कोरिस' म्हणजे ढेकूण, असं मानतात.

आणि हे लिहिताना लक्षात आलं. हिरव्याचं नाव बघा: क्रायसोकोरिस. क्रायसोस म्हणजे सोनं, कोरिस म्हणजे ढेकूण.

शिरीषाची_पानं | १०:२४

सोनढेकूण!!!

म्हणजे मी अर्धा बरोबर होतो. आगपेटी परत करा.

कोथिंबीर_नकोच | १०:३०

हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. उद्या पोहे कोथिंबिरीशिवाय. अर्धपंखी, तुमचे उपकार.

बांधावरचा_आंबा | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सगळा धागा वाचला. व्युत्पत्ती, जपान, पोहे, सगळं झालं. मूळ माणूस विचारतोय बाबा पंप घेऊन बसलेत, शेंडे करपलेत. त्याला कोणी उत्तर दिलं का?

मी काजूवाला आहे. चारशे कलमं आहेत, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. तुम्हाला किडा बघितला की रंग दिसतो. आम्हाला वर्षाचा हप्ता दिसतो. पालवी गेली की मोहोर गेला, मोहोर गेला की बी गेली. रस शोषणारा तो रस शोषणारा. मारा आणि मोकळे व्हा.

सह्यवारा | ७:१५

आंबेकाका, पण मारायचं कोणाला? लाल दिसतो म्हणून लालला?

बांधावरचा_आंबा | ७:२०

पानावर बसलेला तोच ना?

अर्धपंखी | ८:०५

आंबेकाकांचं बरोबर आहे, उत्तर राहिलं. माझीच चूक, ग्रीकमध्ये अडकलो.

'रस शोषणारा' हा एक शब्द आहे, पण त्यात तीन-चार वेगवेगळे धंदे येतात. सगळ्यांकडे सोंड असते, तिच्या आत केसाएवढ्या चार सुया. सोंड बाहेर वाकते, सुया आत जातात. त्यांच्यात दोन नळ्या असतात: एकीतून लाळ खाली, दुसरीतून रस वर. फरक पडतो तो सुई कुठे टोचली आणि लाळेत काय आहे यावर.

मावा, पिठ्या, आंब्यावरचे तुडतुडे हे झाडाच्या अन्ननळीला टोचतात. साखरेचा पूर येतो, पचत नाही, मग चिकट थेंब बाहेर टाकतात आणि पानावर काळी बुरशी चढते. फणसराव, तुमच्या लाल-हिरव्याच्या खालच्या पानांवर चिकटपणा आहे का? नसणार. हिरव्याचा डोळा मुख्यतः एरंडाच्या फळावर आणि आतल्या बीवर, म्हणून तो घोसावर बसलाय. लाल पालवीवर, फुलोऱ्यावर, फळावर शोषतो. झुंड मोठी असेल तर त्रास होतो, नाही असं नाही. पण आठ-दहा किड्यांनी शेंडे करपत नाहीत.

करपलेले शेंडे म्हटल्यावर पहिला संशय ढेकण्या नावाच्या बारीक किड्यावर. आंबेकाका, तुम्ही त्याला चांगले ओळखता.

बांधावरचा_आंबा | ८:३०

ढेकण्या असेल तर प्रश्नच मिटला. पण फोटोत ढेकण्या नाही, लालच आहे, म्हणून म्हटलं.

अर्धपंखी | ८:४५

तेच तर. लाल चार पावलांवरून दिसतो, म्हणून आळ त्याच्यावर. ढेकण्या जेमतेम पाऊण सेंटीमीटर, बारीक, तपकिरी-तांबूस, लांब पाय, लांब मिशा, लांबून डासासारखा. दुपारी सावलीत दडतो, सकाळी लवकर आणि संध्याकाळी बाहेर येतो. त्याची लाळ विषारी. जिथे टोचतो तिथे आधी पाणी भरल्यासारखा डाग, मग तो तपकिरी, मग काळा. कोवळ्या देठावर डागाजवळ डिंकाचा थेंब येतो. पुढे शेंडाच वाळतो.

फणसराव, उद्या सकाळी साडेसहाला जा. भिंग असेल तर घ्या. ढेकण्याच्या पाठीवर, त्याच त्रिकोणावर, एक टाचणी उभी असते. टोकाला गोळी असलेली, शिंप्याकडे असते तशी. ती दिसली की चोर सापडला.

मोगरा_आणि_मावा | ८:५२

म्हणजे एकाचं नाक, दुसऱ्याची पाठ, तिसऱ्याची टाचणी. एकाच त्रिकोणाने काय काय करावं!

सह्यवारा | ९:१०

आणि झाडावर ओंबील आहेत का तेही बघा. तांबड्या मुंग्या, पानं शिवून घरटी करतात त्या. त्या असलेल्या काजूवर ढेकण्याचा उपद्रव कमी राहतो. फवारलंत तर आधी त्या मरतील.

बांधावरचा_आंबा | ९:१८

ओंबील असलेल्या झाडावर बी काढायला तुम्ही चढा. आणि त्या पिठ्या ढेकणाला गायीसारख्या पाळतात, त्या चिकट पाण्यासाठी. तेही सांगा लोकांना.

सह्यवारा | ९:२२

तेही खरं. पण काजू बऱ्याच अंशी खाली पडलेलाच वेचता ना काका?

बांधावरचा_आंबा | ९:२५

पडलेला वेचतानाही डोक्यावर पडतात.

वेंगुर्लेकर_मामी | ९:४०

ओंबील चावल्यावर चुना लावायचो. लाल्याच्या वासाक मात्र औषध नाय.

कोपऱ्यावरचा_फणस | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

मंडळी, अहवाल.

साडेसहाला मी, मुलगी आणि बाबा तिघे गेलो. बाबा "माका सगळा ठाऊक आसा" म्हणत आले, पण आले. दव होतं, पानं ओली. करपलेल्या शेंड्याच्या शेजारची हिरवी पालवी मुलीने हळूच वाकवली. देठावर तीन डाग, एक अगदी ताजा, पाण्याच्या थेंबासारखा. उरलेले दोन काळे, आणि एकाजवळ डिंकाचा पिवळट मणी. दोन मिनिटं काहीच हललं नाही. मग पानाच्या खालून एक बारीक तांबूस किडा वर आला, मिशा हलवत. भिंगातून मुलीने आधी बघितलं आणि ओरडली, "टाचणी!"

मोजले, एका झाडावर सात सापडले. लालच्या झाडावर शेंडे बरेचसे शाबूत होते. ओंबिलांची दोन घरटी बांधाकडच्या झाडांवर आहेत, आणि त्या झाडांची पालवी खरोखरच बरी दिसली. (माझ्या मानेवर एक चावली. मामी, चुना लावला.)

ठरलं असं: सरसकट नाही, करपलेल्या झाडांवरच फवारणी. बांधाकडची झाडं आणि कुंपण सोडून. औषध कोणतं आणि किती ते बाबा तालुक्याला जाऊन कृषी अधिकाऱ्याला विचारून येणार आहेत. पंपात काल जे कालवून ठेवलं होतं ते कशासाठीचं होतं, हे त्यांनाही नीटसं आठवत नव्हतं.

बांधावरचा_आंबा | ८:४०

उत्तम. पालवीला एक, मोहोराला एक, बी धरताना एक. तीनदा बघायचं, आणि बघितल्याशिवाय मारायचं नाही. आणि मोहोरात फवारताना मधमाश्यांची वेळ टाळा, संध्याकाळी मारा.

सह्यवारा | ८:४४

आंबेकाका, "मारा आणि मोकळे व्हा"पासून इथपर्यंत २६ तास.

बांधावरचा_आंबा | ८:४७

माझ्या चारशे झाडांवर मी काय करतो ते तुम्ही विचारलंच नव्हतं.

आंबट_शौकीन | ९:०५

आणि देखणेपणाचा निकाल? मतं मोजा कोणीतरी.

चिंचोका | ९:२०

मोजली. लाल २ (मामी, फणसकन्या). हिरवा २ (फणस, शिरीष). चांदाड्यावरच्या बाई १. लाख-कोचिनील मिळून १. कपाशीची आगगाडी उभी होती, पण वऱ्हाडी भाऊंनी स्वतःच मत दिलं नाही. आजोबांचं मत बाकी.

कोपऱ्यावरचा_फणस | ९:५०

आजोबांना विचारलं. त्यांनी भिंग घेतलं, लालकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "माझे केस एवढे मागे नव्हते."